गाईचा चारा आणि तलावातील गाळ



शहरातील घरी सकाळी दुधाची पिशवी येते. तिच्यावर स्निग्धांश किती, तारीख कोणती, किंमत काय, हे सारे छापलेले असते. ते दूध देणाऱ्या जनावराने काय खाल्ले आणि कोठे खाल्ले, हे मात्र छापण्याची चाल नाही; आणि कोणी गृहिणी ते विचारीतही नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुधाच्या भावात सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधावयाचे तर तलावाच्या तळाशी जावे लागते, आणि त्यासाठी महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल.

हा जिल्हा राज्याच्या अगदी पूर्व टोकास, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेस लागून आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पाऊस वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर; परंतु त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. मुख्य पीक धानाचे, आणि धानाला तर पाणी हवे ते पाऊस थांबल्यानंतरही. यास्तव पूर्वजांनी तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव मोजले जातात. लोक आद्याक्षरे घेऊन त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. लहान तलावाला बोडी असे नाव आहे. या बांधकामात कोहळी समाजाचे कसब मोठे. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही त्याची नोंद आहे. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, अशी परंपरा सांगितली जाते.

तलाव पाहावयास जाणारा मनुष्य पाळीवर उभा राहतो, पाण्याकडे पाहतो आणि परततो. त्याने पाण्याकडे पाठ करून वरच्या उताराकडेही थोडा वेळ पाहावे. तलावाचे आयुष्य त्या उतारावर ठरत असते. उतार गवताने झाकलेला असेल तर पावसाचा थेंब पात्यावर आपटून फुटतो, पाणी काड्यांमधून रेंगाळत चालते, त्यातील बरेच मुळांच्या वाटेने जमिनीत उतरते, आणि जे तलावात पोहोचते ते बहुतांशी निवळ असते. गवत नसेल तर तोच थेंब उघड्या मातीवर आदळून कण मोकळे करतो, आणि वाहणारे पाणी ते उचलून नेते. येथे साधा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एका हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी पडले. त्याच हेक्टरवरून वर्षाकाठी केवळ एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर गेला, तरी दहा घनमीटर माती गेली. समजा, एखाद्या तलावाचे पाणलोट शंभर हेक्टर आहे. म्हणजे वर्षाला हजार घनमीटर गाळ. तो सारा तलावातच बसला तर दहा लाख लिटर पाण्याची जागा त्याने कायमची व्यापली. एक मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याची जाडी. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रारही होत नाही.

आता जनावरांचा वार्षिक क्रम पाहू. आषाढात रोवणी सुरू झाली की गावची सारी शेते धानाखाली जातात. बांधावरही जनावर सोडता येत नाही. मग गुरे जातात कोठे? ज्या माळावर, ज्या झुडपात, ज्या जंगलाच्या कडेला शेत नाही तेथे, म्हणजे नेमकी तलावाच्या वरच्या उतारावर. आणि ती जातात केव्हा? जमीन भिजून मऊ झालेली असते आणि गवताचा कोंब नुकता दोन बोटे वर आलेला असतो तेव्हा. भिजलेल्या मातीवर शेकडो खूर रोज फिरले म्हणजे ती दाबली जाऊन तिची छिद्रे बुजतात. कोंब खुडला गेल्याने मूळ खोल जात नाही. आणि त्याच आठवड्यांत सर्वांत मोठा पाऊस कोसळतो. वर्षातील इतर कोणत्याही महिन्यात ही गुरे तेथे गेली असती तर इतके नुकसान झाले नसते. पुढे कार्तिकात धान कापून झाले की याच्या उलट होते. गुरे शेतांत मोकाट सुटतात. मग ज्या शेतकऱ्याला उरलेल्या ओलीवर एखादे हिरवे पीक घ्यावयाचे असते, त्याच्या एकट्याच्या शेताचे रक्षण कोणी करावयाचे? परिणामी तो ते पेरीतच नाही. पावसाळ्यात उताराचा नाश आणि हिवाळ्यात हिरव्या चाऱ्याचा अभाव, या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. मूळ मात्र एकच आहे.

याला आणखी एक शेपूट आहे. जनावर आवडीचे गवत आधी खाते आणि नावडते सोडून देते. मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते बी धरण्याआधीच संपतात. मागे उरते कुसळी, जिच्या टोकदार कुसळांनी जनावरांचे तोंड फाटते, आणि उरतो तरोटा. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे माळ हिरवा दिसूनही उपाशी असतो. तलावातही हेच घडते. तेथे बेशरम नावाची परदेशी वनस्पती माजली आहे. तिला कोणतेही जनावर तोंड लावीत नाही. गाळाने उथळ झालेली कड तिला फारच मानवते. उन्हाळ्यात पाणी ओसरत जाई तसे पूर्वी तलावाच्या पोटात जे कोवळे गवत उगवे आणि गुरांचा कठीण काळ निभावून नेई, त्याची जागा तिने घेतली.

ही व्यवस्था नेहमीच अशी होती काय? मालगुजारीच्या काळात जुलूम होता, वेठ होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि निस्ताराचे नियम होते, चराईच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि तलावाच्या दुरुस्तीला गाव एकत्र येत असे. मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला, त्यानुसार १९५१ च्या मार्चअखेर तलाव सरकारकडे आले. अन्याय संपला हे उत्तम झाले. पण नियम पाळून घेणारे कोणी उरले नाही. सरकारी खात्याने पाळ आणि कालवा यांकडे लक्ष दिले. वरचा उतार मात्र कोणत्याच खात्याचा नव्हता. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' या नावाने महसुली दप्तरात नोंदलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी आहेत. त्यांतील पुष्कळशा गावाच्या गुरांच्या पायाखालच्याच. त्यांना वन म्हणावे की न म्हणावे हा वाद दशकानुदशके चालला आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच होत असा निर्णय दिला. निर्णयाने नाव ठरले. तेथील गवताची निगा कोणी राखावी, हे ठरविण्याचे काम गावाकडेच राहिले आहे.

येथवर पाण्याचे झाले. पण शेतकरी पाण्याच्या कळवळ्याने आपली गाय घरी बांधील, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे होईल. त्याच्या पदरात काय पडते, ते पाहिले पाहिजे.

धानाच्या मुलखात जनावराचे मुख्य अन्न म्हणजे तणीस. ढीगच्या ढीग असते, फुकट असते, म्हणून ते स्वस्त वाटते. परंतु तणसात प्रथिनाचे प्रमाण शेकडा तीन-चार, आणि त्यातील पचण्याजोगे जवळजवळ शून्य. वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर. चारशे किलो वजनाच्या गाईला केवळ जिवंत राहण्यासाठी दिवसाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास पचनीय प्रथिन लागते, आणि पुढे प्रत्येक लिटर दुधामागे पन्नास ग्रॅमच्या जवळपास. नुसत्या तणसावर पोट भरलेली गाय ही पोट भरलेली उपाशी गाय होय. ती दूध देते ते स्वतःचे मांस झिजवून. मग ती वेळेवर माजावर येत नाही, दोन वेतांतील अंतर लांबते, आणि ज्या महिन्यांत ती दूध देत नाही त्या महिन्यांचा खर्च कोणी वहीत लिहीत नाही. हा न लिहिलेला खर्च हेच या धंद्यातील खरे नुकसान आहे. ज्याला दूध हवे असते तो मग पेंड विकत आणतो. दूध उत्पादनाच्या एकूण खर्चात शंभरांतले साठ ते सत्तर रुपये खाद्याचेच असतात, आणि त्यांतही विकतचे खाद्य सर्वांत महाग पडते.

यातून वाट काढावयाची साधने गोंदियात हाताशी आहेत. पहिले साधन स्वतः तणीसच. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावयाचा, थर देत दाबून रचावयाचे, वरून ताडपत्री घालून हवाबंद करावयाचे, आणि तीन आठवडे उघडावयाचे नाही. तणीस मऊ होते, जनावर आवडीने खाते, आणि त्यातील प्रथिनाचे मान जवळजवळ दुप्पट होते. मात्र सहा महिन्यांखालील वासराला ते देऊ नये, आणि कोरडा किंवा पाण्यात कालविलेला युरिया जनावरापुढे कदापि येऊ देऊ नये. तो विष आहे. ही कृती गेली कित्येक वर्षे पुस्तकांत आहे. ती गोठ्यात फारशी उतरलेली नाही, कारण तीन आठवडे आधी विचार करावा लागतो. हल्ली आणखी एक अडचण उभी राहिली आहे. धानकापणीला हार्वेस्टर आले. तणीस शेतातच विखुरले जाते, आणि ते गोळा करण्याच्या मजुरीपेक्षा आगपेटी स्वस्त पडते.

दुसरे साधन लाखोळी. धान उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, चिखलात लाखोळीचे बी फेकण्याची रीत या भागात जुनी आहे. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. उरलेल्या ओलीवर पीक येते, आणि द्विदल असल्याने जमिनीला नत्र देऊन जाते. तिच्या दाण्यावरून पुष्कळ वाद झाले. येथे प्रश्न तिच्या पाल्याचा व भुशाचा आहे, आणि तो तणसाहून कितीतरी पौष्टिक असतो. जेथे तलावाचे थोडे पाणी मिळते तेथे बरसीम घेता येते. दहा किलो हिरव्या बरसीममध्ये सुमारे दोनशे ग्रॅम पचनीय प्रथिन असते, म्हणजे तेवढ्याने एक किलो पेंडीचे काम भागते. रोज दोन गाईंना दहा-दहा किलो घालणाऱ्याने रोज दोन किलो पेंड वाचविली. हिवाळ्याच्या चार महिन्यांत दोनशे चाळीस किलो. बाजारात पेंडीचा जो भाव असेल त्याने गुणून पाहावे. संकरित नेपियर गवत हे तिसरे. राहुरीच्या कृषि विद्यापीठाने काढलेला 'फुले जयवंत' हा वाण त्याच जातीतला. एकदा ठोंब लावला की काही वर्षे कापण्या मिळतात. तथापि त्याला पाणी लागते, आणि उन्हाळी धानाने आधीच तळ गाठलेल्या तलावावर त्याचा भार टाकणे योग्य नव्हे. न्हाणीचे, विहिरीवरचे, गोठा धुतल्याचे जे पाणी वाया जाते त्यावर अर्धा गुंठा नेपियर उभे राहते, तेवढेच लावावे.

चौथे साधन वरच्या उतारावरचे गवत, आणि येथे गाईचा व तलावाचा हिशोब एका पानावर येतो. तेथे पावसाळाभर गुरे न नेता गवत वाढू द्यावयाचे, ते फुलोऱ्यावर आले की विळ्याने कापावयाचे आणि वाळवून ठेवावयाचे. फुलोऱ्यातील गवतात सत्त्व असते. बी गळून गेल्यावर त्याचे तणीस होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात १९९० नंतरच्या दशकात हेच केले: चराईबंदी केली, कापून नेण्यास मोकळीक ठेवली. गावचे दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होते, ते पुढे काही हजार लिटरवर गेले. कोणी म्हणेल, ते अवर्षणप्रवण गाव, गोंदियाला भरपूर पाऊस. खरे आहे, आणि म्हणूनच येथे गवत अधिक लवकर भरेल, परंतु ते वाळविणे अधिक कठीण जाईल. सप्टेंबरात आभाळ मोकळे नसते आणि पुढे सारी माणसे धानात गुंतलेली असतात. ही अडचण खरी आहे. निम्मे गवत ओलेच कापून रोज गोठ्यात घालणे आणि निम्मे उशिरा वाळविणे, एवढीच तडजोड तूर्त सुचते.

गाय आणि जलाशय यांचे हे नाते दूरच्या देशांतही ओळखले गेले आहे. न्यूयॉर्क शहराचे पिण्याचे पाणी कॅट्सकिल व डेलावेअरच्या डोंगराळ भागातून येते, आणि तो भाग दुभत्या गाईंचा. गोठ्यांतील शेणाबरोबर स्फुरद जलाशयात जाऊन शेवाळ माजे. अब्जावधी डॉलरचे गाळणी-यंत्र उभारण्यापेक्षा शहराने १९९७ च्या कराराने त्या भागावरच पैसा घालण्याचे ठरविले. तेथे असे आढळले की गाईंना गरजेपेक्षा अधिक स्फुरद असलेले विकतचे खाद्य घातले जाते आणि जादा स्फुरद शेणावाटे बाहेर पडते. तेव्हा घरचे गवत योग्य वयात कापून अधिक घालावयाचे, विकतचे मोजून कमी करावयाचे, असा क्रम सुरू झाला. स्फुरदही घटले आणि खर्चही. गोंदिया ही भातगिरण्यांची नगरी. भाताच्या कोंड्यात स्फुरद विपुल असते. येथे जनावरांना कोंडा जास्त होतो असे नव्हे. पण ज्या गोठ्यात तो भरपूर जातो, त्याचा उकिरडा तलावाच्या काठी नसावा, इतके तरी त्या उदाहरणावरून घेता येईल.

गाळ काढण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ साली आली आणि तलावांतील माती पुन्हा शेतांत गेली, हे चांगलेच झाले. परंतु वरचा उतार तसाच उघडा ठेवून खाली यंत्राने उपसणे म्हणजे नळ चालू ठेवून मोरी पुसण्यासारखे आहे. शिवाय यंत्र खोल खड्डे करते आणि पोटातले गवत व पाणवनस्पती मुळासकट उचलते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर व त्यांचे सहकारी यांनी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील तलावांत बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम मच्छीमार ढीवर बंधुभगिनींच्या साहाय्याने केले आहे. त्यांचा रोख मासळीवर असला तरी गुरांचाही त्यात लाभ आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास २०२४ साली मंजुरी मिळाली आणि त्यात १९ जिल्हे घेतले गेले. आता गावोगाव अधिक दुधाच्या गाई येतील. पूर्व विदर्भाची काठाणी गाय लहान चणीची, काटक. चिखलात राबणारे बैल देणारी, थोड्यावर भागविणारी. संकरित गाय तशी नाही. तिला चारा आधी उभा करून मग आणली तरच ती परवडते. नाहीतर ती कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी त्याच उतारावर चरावयास जाईल. गोठ्यात पाच अर्धपोटी जनावरांऐवजी दोन पोटभर ठेवणे हे या साऱ्याचे सार, आणि शेतकऱ्याला सर्वांत कठीण जाणारी गोष्टही हीच. कारण संकटकाळी पाच जनावरांतील एक विकता येते, दोनांतील एक विकले तर निम्मे घर जाते.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. चराई बंद केली तर ज्याच्याजवळ शेत नाही, पण चार शेळ्या आहेत, त्याने काय करावे? हरियाणातील सुखोमाजरी गावी हा प्रश्न आला होता. चंदीगढच्या सुखना तलावात डोंगरावरची माती येऊन भरू लागली, तेव्हा मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा या गावी पोहोचले. १९७६ च्या सुमारास तेथे लहान बंधारा झाला आणि गावाने डोंगरावर गुरे न सोडण्याचे कबूल केले. परंतु ते केव्हा? बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनासह प्रत्येक घराचा सारखा वाटा मान्य झाला तेव्हा. ज्याला शेत नव्हते तो आपला वाटा दुसऱ्याला देऊ शकत होता. शेळ्या घटल्या, म्हशी वाढल्या, आणि पहारेकरी न नेमता डोंगर झाकला गेला.

गोंदियाच्या गावांत असा वाटा ठरवावयाचा तर प्रथम गुराख्यापासून आरंभ करावा लागेल. हे काम पुष्कळ ठिकाणी गोवारी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याचा मोबदला जनावरांच्या संख्येवर ठरतो. गुरे जितकी अधिक तितकी त्याची कमाई अधिक. कोणत्या उतारावर कोणते गवत केव्हा येते, हे गावात त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. उद्या गुरे गोठ्यात बांधली गेली तर बेकार होणारा पहिला मनुष्य तोच, आणि राखीव कुरणाचा राखणदार होण्यास सर्वांत लायकही तोच. त्याचे वेतन गुरामागे न देता कापलेल्या गवताच्या भाऱ्यामागे द्यावे, असा ठराव एखाद्या ग्रामसभेने मृगाच्या आधी केला, तर त्याच पावसाळ्यात त्याचा अनुभव घेता येईल.